विसावा भरती-ओहोटीच्या तालावर

लग्नानंतरचा पहिला प्रवास देवाचा, ही आपल्याकडची जुनी रीत. पाटण-कऱ्हाड पट्ट्यातली नवी जोडपी आजही आधी कऱ्हाडजवळच्या पालीच्या खंडोबाला नाही तर जेजुरीला जातात आणि मग बाकीच्या जगाकडे वळतात. नवसासाठी, लग्नकार्यासाठी किंवा नात्यातल्या कुणाला भेटण्यासाठी नव्हे, तर केवळ विसाव्यासाठी नवरा-बायकोने दोघांनीच बाहेर पडावे, ही त्या मानाने अलीकडची गोष्ट आहे. कोयनेच्या खोऱ्यातील कित्येक घरांत कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत किंवा माथाडी म्हणून आणि बाईमाणूस गावाकडे शेतीवर, अशी वर्षामागून वर्षे गेली. तिथे दोघांनी मिळून चार दिवस काहीच न करणे ही चैनच होती. आता पुढची पिढी ती चैन करू लागली आहे आणि तिच्या मनात चित्र असते ते समुद्राचे. निळे पाणी, पांढरी वाळू, माडाच्या सावलीत दोन खुर्च्या आणि घड्याळाकडे न पाहता गेलेला दिवस.

या चित्रात एक गफलत आहे. समुद्राकाठी आपले घड्याळ उतरवून ठेवता येते, पण समुद्राचे घड्याळ बाजूला ठेवता येत नाही. ज्याला ते वाचता येते त्यालाच तिथे खरा विसावा मिळतो. घाटावरून उतरणाऱ्या पर्यटकांना नेमके तेच माहीत नसते. दर वर्षी कोकणच्या किनाऱ्यावर बुडण्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांत घाटमाथ्यापलीकडून आलेल्यांची नावे वारंवार वाचायला मिळतात, ती यामुळेच.

चित्रातला समुद्र आणि आपला समुद्र

समुद्रकाठच्या सुटीची कल्पना थंड देशांतून आली. अठराव्या शतकात इंग्लंडमधील वैद्य समुद्रस्नान औषध म्हणून सांगू लागले, पुढे रेल्वे आली आणि किनाऱ्यावरची गावे सुटीची ठिकाणे झाली. उत्तर युरोपातील माणूस आजही हिवाळ्यात उपोष्ण कटिबंधातील बेटांकडे धाव घेतो. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये असलेली स्पेनची कॅनरी बेटे हे त्याचे ठळक उदाहरण. तो तिथे जातो ते मुख्यतः उन्हासाठी. वर्षातले कित्येक महिने ज्याला सूर्य दिसत नाही, त्याला वाळूत उताणे पडून राहणे हाच विसावा वाटतो. आपले तसे नाही. पाटणचा माणूस ऊन शोधायला समुद्रावर जात नाही. तो वाऱ्यासाठी, पाण्यासाठी आणि मोकळ्या क्षितिजासाठी जातो. त्यामुळे भर दुपारी वाळूवर लोळण्याची ती परदेशी रीत आपल्या किनाऱ्यावर उचलली, तर पदरात पडते ते केवळ उन्हाचे दुखणे.

दुसरी गफलत पाण्याच्या रंगाची आणि शांततेची. लक्षद्वीपच्या छायाचित्रात दिसणारे नितळ पाणी हा प्रवाळांचा चमत्कार आहे. लक्षद्वीपची बहुतेक बेटे प्रवाळाच्या कड्यांवर वसली आहेत. बाहेरून येणारी लाट त्या कड्यावर फुटते आणि आतल्या उथळ पाण्यात तिचा जोर उरत नाही. बेटावर नद्या नसल्याने गाळ येत नाही. तळाशी प्रवाळाच्या चुऱ्याची पांढरी वाळू असते. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेते, निळा-हिरवा भाग त्या पांढऱ्या तळावरून परत फिरतो आणि आपल्याला तो अपूर्व रंग दिसतो. म्हणजे तिथे निळाई आणि शांतता एकाच कारणाने एकत्र नांदतात.

कोकणचा किनारा याच्या अगदी उलट. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्या जांभ्याची तांबडी माती समुद्रात आणून टाकतात. प्रवाळाची थोडी वस्ती मालवणच्या परिसरात आहे, परंतु मुख्य किनाऱ्याला प्रवाळाचा बांध नाही. अरबी समुद्रावर शेकडो किलोमीटर दूर उठलेली लाट काही न अडता थेट वाळूवर येऊन फुटते. हा समुद्र सुंदर नाही असे कोण म्हणेल? पण तो बेटाच्या आतला तलाव नव्हे. तो उघडा समुद्र आहे, आणि त्याच्याशी वागायची रीत वेगळी आहे.

पाटणचे पाणी, दोन समुद्र

गंमत अशी की ज्या पाटणकरांना समुद्र परका वाटतो, त्यांचेच पाणी रोज समुद्राला मिळत असते, आणि तेही दोन समुद्रांना. कोयना महाबळेश्वरला उगम पावून उत्तर-दक्षिण वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते, पाटणला केरा नदीला पोटात घेते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. तिथून ते पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. हा निसर्गाने आखलेला मार्ग.

दुसरा मार्ग माणसाने काढला. १९६०च्या दशकात पुऱ्या झालेल्या कोयना धरणाने नदी अडवली आणि सुमारे १०५ टीएमसी क्षमतेचा शिवसागर जलाशय तयार झाला. या जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून वीज निर्माण केली जाते. कृष्णा पाणी तंटा लवादाने या पश्चिमेकडील वळवणीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी ही मर्यादा घालून दिली आहे. पोफळी, अलोरे, कोळकेवाडी असा प्रवास करून ते पाणी वाशिष्ठी नदीत येते, चिपळूणवरून वाहत जाते आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या दक्षिण अंगाला अंजनवेल आणि त्याच्या खाली काही किलोमीटरवर गुहागर.

रस्ताही जवळपास त्याच वाटेने जातो. विजापूरहून निघालेला गुहागरचा जुना हमरस्ता कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरतो आणि चिपळूणमार्गे थेट समुद्राला भिडतो. पाटणपासून गुहागर साधारण शंभर ते एकशेपाच किलोमीटर. सकाळी न्याहारी करून निघालेले जोडपे घाटात थांबत-रमत दुपारच्या जेवणाला समुद्राकाठी पोहोचते. विमान, परवाने किंवा बोटीचे आरक्षण यांपैकी काहीही लागत नाही. पाटणकरांना सर्वांत हाताशी असलेला समुद्र तो हाच.

नदीचे शहाणपण इथे चालत नाही

कोयनेच्या डोहात पोहायला शिकलेल्या माणसाला आपल्याला पोहता येते याची खात्री असते. ती खात्रीच त्याला गोत्यात आणते. नदीचे पाणी एकाच दिशेला ओढते आणि डोह कुठे आहे हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. समुद्राचा तळ वाळूचा, म्हणून सरकता. काल जिथे गुडघाभर पाणी होते तिथे आज खळगा असू शकतो. लाटाही सारख्या उंचीच्या येत नाहीत. काही वेळ बारीक लाटा येतात, माणूस निर्धास्त होतो आणि मग एकापाठोपाठ तीन-चार मोठ्या लाटा येऊन त्याचे पाय उचलतात.

सर्वांत फसवा असतो तो परतीचा प्रवाह, ज्याला पर्यटन खात्याच्या फलकांवर रिप करंट म्हटलेले आढळते. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी कुठून तरी परत जायला हवे. वाळूच्या दांड्यांमधली एखादी खोलगट वाट त्याला सापडते आणि त्या अरुंद पट्ट्यातून ते वेगाने समुद्राकडे धावते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधेच एका पट्ट्यात लाट फुटत नसेल, पाणी गडद आणि सपाट दिसत असेल, फेस किंवा पालापाचोळा आत वाहत जाताना दिसत असेल, तर तीच ती वाट. नवख्या माणसाला तोच भाग सर्वांत शांत वाटतो आणि तो नेमका तिथेच उतरतो.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. बुडण्याचे कारण बहुधा प्रवाहाविरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्याचा अट्टहास असते. त्यात पट्टीचा पोहणाराही दमतो. अशा वेळी झुंजू नये. खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असल्याने त्यात तरंगणे सोपे जाते. पाठीवर पडून तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर यावे. प्रवाह अरुंद असतो. त्यातून बाजूला होताच लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात.

जोडप्यांसाठी यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एक जण ओढला जाताना दिसला की दुसरा विचार न करता पाण्यात झेपावतो. माया तशीच असते. पण अनेकदा पहिला वाचतो आणि दुसरा जातो, किंवा दोघेही जातात. म्हणून ठरवायचे ते कोरड्या वाळूवर उभे असतानाच ठरवावे. काठावर राहिलेल्याने पाण्यात उतरायचे नाही. तरंगणारे जे हाताशी असेल ते फेकायचे, मग तो झाकण लावलेला रिकामा कॅन असो, हवा भरलेली ट्यूब असो की दोरीला बांधलेल्या बाटल्या असोत. आरडाओरडा करून होडीवाल्यांना, कोळ्यांना बोलवायचे आणि ११२ क्रमांक फिरवायचा. साडी नेसून पाण्यात जाणाऱ्या भगिनींनी आणखी एक लक्षात घ्यावे. ओले नेसण पायांत गुंडाळले जाते आणि गुडघाभर पाण्यातही लाट तोल घालवते. अंगाला बसणारे सुटसुटीत कपडे ही फॅशनची नव्हे, सुरक्षिततेची बाब आहे.

तिथी विचारा, वेळ कळेल

आता समुद्राच्या घड्याळाकडे वळू. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि मोठी भरती, म्हणजे उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्या ओढी परस्परांना काटकोनात असतात, तेव्हा भरती बेताची. तिला कोकणात भांगाची भरती म्हणतात.

आपल्या पूर्वजांनी याचे एक सोपे गणित बसवले आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अदमासे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला. पौर्णिमा-अमावास्येला तिथी पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. प्रत्येक भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण भिंतीवरची दिनदर्शिका पाहून सहलीची आखणी करण्याइतके हे गणित भरवशाचे आहे. नक्की वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीची छापील किंवा संगणकावरची कोष्टके पाहावीत, किंवा गावातल्या कोळ्याला विचारावे. तो आकडेमोड न करताही सांगतो.

या गणितातून दिवस कसा बसवायचा? पाणी चढत असताना, म्हणजे ओहोटी संपून भरती येत असताना, काठाकाठाने डुंबावे. पाणी उतरू लागले की बाहेर यावे, कारण तेव्हा समुद्राची ओढ आतल्या दिशेला असते. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि पाणी तुलनेने संथ असते. दुपारनंतर जमीन तापते, खारे वारे सुटतात आणि लाटा खवळतात. म्हणजे सकाळी चढते पाणी मिळेल असा दिवस उत्तम. चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी नऊच्या आसपास संपते, पुढे दुपारपर्यंत पाणी चढत राहते आणि उधाणाचा जोरही ओसरू लागलेला असतो. संध्याकाळी पाणी पुन्हा मागे सरकते आणि सूर्यास्ताच्या वेळी चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. दोघांनी मिळून करायचे यापेक्षा सुंदर काम समुद्राकाठी दुसरे नाही. अष्टमीला मात्र सूर्यास्ताच्या वेळी पाणी अगदी काठाशी आलेले असते. तेव्हा चालण्याऐवजी सुरूच्या झाडांखाली बसून राहावे.

गुहागरचा दिवस

गुहागर हे गाव किनाऱ्याला समांतर, लांबच लांब पसरलेले. एकच मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाडीच्या टोकाला समुद्र. खालचा पाट, वरचा पाट अशी वस्त्यांची नावे. सुमारे सहा किलोमीटर लांबीची सरळ वाळू असल्याने गर्दी झाली तरी ती विरून जाते. गावात व्याडेश्वराचे आणि दुर्गादेवीचे मंदिर आहे. व्याडेश्वर हे अनेक कोकणस्थ घराण्यांचे कुलदैवत, त्यामुळे देवदर्शनाच्या जुन्या रीतीलाही येथे खंड पडत नाही.

भर दुपार वाडीतल्या सावलीसाठी आणि जेवणासाठी राखून ठेवावी. घरगुती खानावळीत माशांचे किंवा शाकाहारी ताट, वर सोलकढी आणि मग निवांत झोप. दुसरा दिवस दक्षिणेला वेळणेश्वर आणि हेदवीसाठी. हेदवीला दशभुजा गणेशाचे मंदिर आहे. संकष्टी चतुर्थीला तिथे गर्दी असते. जवळच समुद्रकाठच्या खडकात बामणघळ नावाची अरुंद फट आहे. भरतीच्या वेळी लाट त्या फटीत घुसते आणि पाण्याचा स्तंभ उंच उसळतो. ओहोटीला गेलात तर नुसता कोरडा खडक दिसेल, म्हणून इथेही तिथीचे गणित उपयोगी पडते. मात्र घळीच्या कडेशी उभे राहून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. ओला, शेवाळलेला खडक निसरडा असतो आणि पुढची लाट किती उंच येईल हे कुणालाही सांगता येत नाही.

गाडी वाळूवर नेण्याची हौसही अंगाशी येते. ओहोटीच्या वेळी घट्ट वाटणारी वाळू भरती येताच पोकळ होते, चाके रुततात आणि क्रेन येईपर्यंत गाडी खाऱ्या पाण्यात उभी राहते. त्याहून मोठे नुकसान कासवांचे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालायला येतात. २०२२मध्ये येथील कासवांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवून त्यांचा समुद्रातील प्रवास अभ्यासण्यात आला. वनखाते आणि गावकरी घरटी सांभाळतात. रात्रीच्या प्रखर दिव्यांनी आणि गाडीच्या चाकांनी ती मेहनत वाया जाते. अंधारात शांतपणे बसलेल्या दोघांचा मात्र कासवाला काहीच त्रास नसतो.

कधी जावे, कसे जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्चपासून दमटपणा वाढतो. मे महिन्यात आंबा असतो, पण गर्दीही असते आणि महिनाअखेरीस समुद्र उसळू लागतो. जून ते सप्टेंबर पाण्यात पाय घालू नये. पावसाळ्यात कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यानंतरच पुन्हा दर्यावर जाण्याचा विचार करतो. ज्याचे पोट समुद्रावर आहे तो जिथे थांबतो, तिथे पर्यटकाने धाडस कशासाठी करावे? पावसाळ्यात समुद्र लांबून पाहावा.

पुण्याकडून येणाऱ्यांनी बंगळूर महामार्गावरील उंब्रजहून, तर कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्यांनी कऱ्हाडहून पाटणकडे वळावे. कुंभार्ली घाट दिवसाउजेडी उतरावा. पावसाळ्यात धुके आणि दरडी यांचा विचार करूनच निघावे. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचे चिपळूण स्थानक जवळचे, आणि तिथून गुहागरला एसटी मिळते.

सहलीची तारीख ठरवताना आपण रजा पाहतो, हॉटेलचे दर पाहतो, हवामान पाहतो. त्या यादीत तिथीची भर घालायला फार तर दोन मिनिटे लागतात. पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे एकदा कळले की काठावर बसलेल्याच्या जिवाला घोर राहत नाही, आणि पाण्यात असलेल्यालाही वेळेवर बाहेर यायचे भान राहते. दोघांनाही निर्धास्त वाटणे, विसावा म्हणजे दुसरे काय?